पुडीतले जीव

माझी बहीण रूपल तपस्विनी आहे असं आमच्या अर्ध्या जैन समाजाला वाटतं. उरलेल्या अर्ध्या समाजाला तशी खात्रीच आहे. खरं फक्त घरातल्यांना ठाऊक होतं. तिला एक रोग आहे, आणि तो झाकायला माझ्या दादीने एकदा एक वाक्य बोलून टाकलं होतं. पुढे त्या वाक्यानेच आमचं घर चालवायला घेतलं.

रोगाचं नाव इतकं लांबलचक आहे की दादाजींना ते आजवर नीट उच्चारता आलेलं नाही. डाळ, दूध, शेंगदाणे, पनीर यांत जे प्रथिन असतं, त्यातला एक घटक रूपलच्या शरीरात मोडत नाही. तो रक्तात साचतो आणि साचला की मेंदूवर परिणाम करतो. आईचं माहेर पुण्याचं, आम्हा दोघांच्या वेळची बाळंतपणं तिकडेच झाली. तिथे बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासायची पद्धत होती म्हणून रूपलचं वेळेवर कळलं. तेव्हापासून तिचं जेवण म्हणजे काट्यावर तोललेला भात, दुधी, दोडका, पपई आणि तो घटक वगळून बनवलेल्या प्रथिनाची एक उग्र वासाची पावडर. ती पावडर डब्यातून काढली की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

आणि आमचा धंदा काय, तर डाळमिल. जळगावच्या एमआयडीसीत तूर, हरभरा, उडीद यांचे ढीग. घरातल्या गाड्यांच्या सीटवरसुद्धा डाळीची पूड. अशा घरात डाळ न चालणारी मुलगी जन्माला घालून नशिबाने आमची चांगलीच थट्टा केली होती.

रूपल लहान असताना भुसावळच्या एका लग्नात एक मामी तिच्या पानात डाळ वाढायला आल्या. दादीने हात आडवा केला. मामी ऐकेनात. "एक वाटीने काय होतंय?" असं सगळ्यांसमोर सुरू झालं. रोग आहे म्हटलं असतं, तर तो लग्नमंडप उठायच्या आत मुंबईपर्यंत पोचला असता आणि मुलीचं पुढे जमणं कठीण झालं असतं. दादी पटकन म्हणाली, "तिला डाळीचे पच्चक्खाण आहेत."

पच्चक्खाण म्हणजे व्रत घेऊन केलेला त्याग. मामींच्या हातातला डाव तिथेच थांबला. त्यांनी चिमुरड्या रूपलला हात जोडले. "एवढीशी पोर! आणि घरात डाळीचे डोंगर!"

झालं. पुढच्या चातुर्मासात स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहात, तिचा सत्कार झाला. दुधाचा त्याग लोकांनी स्वतःच्या मनाने जोडला, पनीरचा आम्ही जोडला. दरवर्षी बॅनर मोठा होत गेला. त्यावर रूपलचा फोटो, हात जोडलेला, आणि खाली सौजन्य म्हणून आमच्या डाळमिलचं नाव. डाळ न खाणाऱ्या मुलीच्या फोटोखाली डाळीची जाहिरात, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. उलट आमच्या तुरीचा खप वाढला.

आमच्या घरात आई-बाबाही आहेत. पण बोलायचं खातं दादाजी आणि दादीकडे असल्यामुळे त्यांचा या गोष्टीत फारसा उल्लेख येणार नाही. त्यांची त्याबद्दल तक्रार नसते.

रूपल पंचविशीला आली तेव्हा धुळ्याच्या डॉ. ज्योत्स्ना यांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होत होती. औषध म्हणजे गोळी नाही, इंजेक्शन नाही. पुडीत जिवंत जिवाणू. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूत प्रयोगशाळेत फेरफार केला होता, म्हणजे रूपलला न पचणारा नेमका तोच घटक त्याने पोटातच खाऊन टाकावा. जेवताना पुडी पाण्यात कालवून प्यायची, बस.

दादाजींनी पुडी हातात घेतली. घाऊक व्यापारी माणूस, पहिला प्रश्न ठरलेला.

"एका पुडीत किती?"

"अब्जावधी," डॉक्टर म्हणाल्या.

दादाजींनी पुडी टेबलावर ठेवली. अगदी अलगद, कुणाला लागू नये अशी.

"जिवंत?"

"हो. मेलेले काही कामाचे नाहीत."

"आणि पोटात गेल्यावर?"

"आपलं काम करतात आणि दोन-तीन दिवसांत मरून बाहेर पडतात. जास्त टिकू नयेत असंच बनवलंय त्यांना."

"म्हणजे मरण्यासाठीच बनवलेत." दादाजींचा चेहरा उतरला. आमच्याकडे मुंगी दिसली तर तिला कागदावर घेऊन अंगणात सोडतात. दिवा लावला की पाखरं येतील म्हणून खिडक्या बंद होतात. "बनवले कोणी?"

"कंपनीने."

"मग पाप कंपनीचं," दादाजी मोकळा श्वास घेत म्हणाले. "माल ज्याने काढला, जबाबदारी त्याची."

दादीचा प्रश्न वेगळा होता. "हे मुळात काढले कुठून?"

डॉक्टर प्रामाणिक बाई. "माणसाच्या आतड्यातूनच. म्हणजे... विष्ठेतून वेगळे करतात."

दादीने पदर नाकाला लावला. घरी आल्यावर आधी आंघोळ केली आणि मग म्हणाली, "मुलीसाठी हेही करू." प्रश्न रूपलचा होता म्हणून तिने एवढं मोठं मन केलं. लोकांना मात्र सांगायचं ठरलं की रूपल धुळ्याला जाते ती महाराजसाहेबांच्या, म्हणजे जैन साधूंच्या, दर्शनाला. बसने पारोळामार्गे जायची, रक्त द्यायची, पुड्या घ्यायची आणि परत यायची. महिनाभरात समाजात बोलबाला झाला की रूपलची भक्ती वाढली आहे.

भक्ती वाढली, पण रिपोर्ट तसाच. रक्तातला तो घटक काडीचाही कमी झाला नाही. डॉक्टर हैराण. पुड्या थंड ठेवता ना? ठेवतो. वेळेवर देता ना? देतो. साध्या पिण्याच्या पाण्यात देता ना?

"हो तर," दादी म्हणाली. "आमच्या घरात पिण्याचं पाणी उकळलेलंच असतं. पिताना पाण्यातल्या जिवांची विराधना, म्हणजे हिंसा, नको म्हणून. तिला घसा धरतो, त्यामुळे मी गरमगरमच देते. फुंकर मारून पिते बिचारी."

डॉक्टरांनी डोकं धरलं. "आजी, तुम्ही महिनाभर तिला जिवाणूंचा काढा पाजताय. उकळत्या पाण्यात पडल्या पडल्या सगळे मेले."

परतीच्या बसमध्ये एरंडोलपर्यंत दादाजी बोटांवर महिन्याच्या पुड्या मोजत होते. मग हळूच दादीला म्हणाले, "मोहनबाई, हे पाप काही कंपनीच्या खात्यात टाकता येणार नाही." दादीने पुढचे आठ दिवस प्रायश्चित्त म्हणून उपास केले. त्या उपासांचीही स्थानकात वाहवा झाली, आणि ते नेमके कशासाठी आहेत हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पाणी गाळून, उकळून, परातीत पूर्ण निववून पुडी कालवायची असा नवा नियम झाला. जिवाणूंना आता आमच्या घरात पाहुण्यांसारखी वागणूक मिळू लागली.

आणि औषध चाललं. असं चाललं की डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा करून घेतला. मग त्या रूपलला म्हणाल्या, "पुडीबरोबर एक वाटी वरण खाऊन बघ. एकच वाटी. अंगवळणी पडलं तर रोज."

ती पहिली वाटी आमच्या जेवणघरात शक्यच नव्हती. शेजारच्या काकू केव्हा येऊन रूपलला हात जोडतील याचा नेम नव्हता. म्हणून मिलमागच्या खोलीत, जिथे आमच्या कुंदाबाई मजुरांचा स्वयंपाक करतात, तिथे दार लोटून आम्ही बसलो. कुंदाबाई सावद्याकडच्या. त्यांना रोगाचं, औषधाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तुरीचं घट्ट वरण वाढलं, वर तुपाची धार. रूपल पुडी प्यायली, मग घास घेऊन तो चावतच राहिली. वरण चावायचं नसतं हेही तिला माहीत नव्हतं.

"माय व! ही पोरगी डाय खाई राह्यली!" कुंदाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

रूपलने वाटी बोटाने पुसून काढली. मला वाटलं रडेल. रडली नाही, चिडली. "हे तुम्ही रोज खाता? आणि वर आज पुन्हा वरणच का म्हणून तोंडं वाकडी करता?"

"तुले आजूक देऊ?" कुंदाबाईंनी पळी उचलली. मी त्यांचा हात धरला. एकच वाटी. रूपलने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझंच ताट बाजूला सारलं.

त्या दिवशी घरी येताना ती म्हणाली, "दादा, मला माझ्या लग्नाच्या पंगतीत बसून सगळ्यांसारखं जेवायचंय. लोकांसमोर. मला दुसरं काहीच नको."

हे ऐकून दादाजी घाबरले. धुळ्याहून स्थळ आलं होतं. रतिलालजींचं, सरकीच्या तेलाचे मोठे व्यापारी, मुलगा ललित. आणि त्यांना सून हवी होती ती तपस्विनीच. सुंदर, शिकलेल्या, श्रीमंत मुली त्यांना ढिगाने सांगून येत होत्या, पण तपस्विनी सबंध खानदेशात एकच होती. त्याग मोडला असं कळलं, तर स्थळ जाणार. रोग होता असं कळलं, तर अब्रूही जाणार.

"लग्नापर्यंत थांब," दादी म्हणाली. "मग हळूहळू खायला लाग."

"हळूहळू म्हणजे?"

"म्हणजे नातवंडं झाल्यावर वगैरे."

रूपल कदाचित थांबलीही असती. पण धुळ्याला त्यांच्या घरी गेलो आणि तिथे भाविका भेटली. रतिलालजींची नात, ललितच्या थोरल्या भावाची मुलगी, दुसरीतली. जेवायला रूपलला चिकटून बसली. तिच्या ताटात भात आणि दुधी. डाळ नाही, दही नाही.

"आमची भाविकाही त्यागी बरं का," तिची आई कौतुकाने म्हणाली. "रूपलदीदींचा बॅनर पाहिला आणि वर्ष झालं, डाळ, दूध, पनीर सोडलं. मध्ये शाळेत चक्कर येऊन पडली. पण काय सांगू, मुख्याध्यापिकाबाई जैन आहेत, त्यांनी सगळ्या वर्गासमोर अनुमोदना केली."

अनुमोदना म्हणजे दुसऱ्याच्या तपाला मनापासून वाहवा देणं. चांगली गोष्ट आहे. पण त्या पोरीचं मनगट मी पाहिलं. रूपलनेही पाहिलं. माझी बहीण आयुष्यभर उग्र वासाची पावडर पिऊन जगली, कारण प्रथिनाशिवाय माणूस जगत नाही. या पोरीला तीही पावडर नव्हती.

"बेटा, थोडी डाळ खा," रूपल म्हणाली.

"तू खातेस?" भाविकाने विचारलं.

रूपलने आपल्या ताटातल्या दुधीकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर तिने दादाजींना सांगून टाकलं, "सगाईत मी खरं सांगणार आहे. ती मुलगी माझ्यामुळे उपाशी मरतेय." दादाजींनी पाणी मागितलं.

सगाई धुळ्याच्या मोठ्या मंगल कार्यालयात होती. अंगठी बाजूलाच राहिली, कार्यक्रम मुख्यतः तपस्विनीच्या बहुमानाचा. रतिलालजींनी दोन शब्द बोलायला माईक दिला आणि रूपल उभी राहिली.

"मी तपस्विनी नाही," ती म्हणाली. "मला जन्मापासून आजार आहे. डाळ मी सोडली नव्हती, मला ती चालतच नव्हती. आता औषध मिळालंय, आता चालते. माझं पाहून ज्यांनी मुलांचं खाणं बंद केलंय, त्यांनी कृपा करून आजच सुरू करावं."

दादाजींनी डोळे मिटून घेतले होते. मग पुढच्या रांगेतले एक आजोबा थरथरत उठले. "केवढी नम्रता! तपाचं श्रेयसुद्धा घेत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला त्या आजोबांना उचलून बाहेर ठेवावंसं वाटत होतं. रूपलने हात हलवून नाही नाही म्हटलं, तर टाळ्या आणखी वाढल्या. शेवटी तिने पर्समधली पुडी काढली, पाण्यात कालवून प्यायली, भटारखान्यातून डाळीची वाटी मागवली आणि सगळ्यांदेखत खायला लागली.

आता तरी? रतिलालजी क्षणभरच गोंधळले. आयुष्यभर धंदा केलेला माणूस, पडलेला भाव सावरायला त्यांना वेळ लागत नाही. त्यांनी माईक ओढला आणि डोळे पुसत ओरडले, "पारणं! आपल्या भाग्याने रूपलचं पारणं धुळ्यात झालं!"

मोठी तपश्चर्या संपली की पारणं होतं, आणि पारण्याला नातेवाईक एकेक करून तपस्व्याला घास भरवतात. बघता बघता मंचापुढे रांग लागली. कुणाच्या हातात बासुंदी, कुणाच्या केशरी दूध, कुणाच्या मुगाची डाळ. रूपलने माझ्याकडे पाहिलं. पुडी एक होती, वाटी एक ठरलेली होती, आणि समोर अख्खा समाज चमचे घेऊन उभा होता.

मी मंचावर उडी मारली. "आमच्याकडे पारण्याचा घास आधी भाऊ घेतो!" अशी प्रथा कुठेही नाही. पण माईकवर सांगितलं की होते. त्यांनी पुढे केलेला प्रत्येक चमचा मी खाल्ला. शंभरावर बायाबापड्यांनी मला बासुंदी भरवली आणि साताऽ साताऽ, सुखी असा, म्हणत माझ्याही पाया पडल्या. पुढचे दोन दिवस माझं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. डॉ. ज्योत्स्नांनी विचारलंसुद्धा, "तुम्हाला पुडी देऊ का एखादी?"

पण त्या गोंधळात एक चांगलं झालं. भाविका रूपलच्या मांडीवर चढून बसली आणि तिच्या वाटीतली उरलेली डाळ तिने खाल्ली. घरी जाऊन दूधही प्यायली. तिची आई जरा खट्टू झाली, पण आता पारणंच झालं म्हटल्यावर तिचाही नाइलाज होता.

ललितने दुसऱ्या दिवशी फोन केला. "खरंच आजार आहे ना?" सभागृहात ऐकलेलं खरं मानणारा तो एकटाच निघाला. रूपलने त्याला रिपोर्ट पाठवले. त्याने सगळे वाचले, डॉक्टरांना भेटून आला. मग म्हणाला, "मी घरी सांगितलं. पप्पा म्हणाले, काही हरकत नाही, पण कुणाला सांगू नका."

लग्न महिन्यावर आलं आणि कंपनीची मेल आली. चाचणी थांबवण्यात येत आहे. औषध निकामी ठरलं म्हणून नव्हे. धोरणात्मक फेरआखणी, असा शब्द होता. डॉ. ज्योत्स्नांनी आम्हाला मराठीत समजावलं. "हा आजार असणारे लोक फार थोडे. एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांत त्यांचं भागत नाही. औषध चालतं, धंदा चालत नाही." त्या कंपनीबद्दल आणखीही बोलल्या, ते डॉक्टरांच्या तोंडी शोभणारं नव्हतं, पण मला बरं वाटलं.

उरलेल्या पुड्या कंपनीचे लोक परत घेऊन गेले. कुंदाबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचं इरजन ठिवाव नं दुधात. दही कसं रोज होतं? कशाले कंपनीच्या पाया पडता?" मीही आशेने डॉक्टरांना विचारलं. त्या खिन्न हसल्या. हे जिवाणू बाहेर वाढूच शकत नाहीत. त्यांना एक खास खाद्य लागतं, ते कंपनीकडेच असतं. जिवाणूंनासुद्धा कंपनीने आपल्यावाचून जगता येऊ नये असं करून ठेवलं होतं.

घरात मात्र सुटकेचा सुस्कारा होता. "बघ," दादी म्हणाली, "देवानेच मार्ग काढला. आता तुझा त्याग पुन्हा खरा झाला. खोटं बोलायला नको."

रूपल त्या दिवशी दादीशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एकोणीस-वीस वाट्या वरण, तेवढंच तिच्या वाट्याला आलं, आणि तेही निम्मं लपून. मला इतका राग आला होता की मिलमध्ये मी तुरीच्या पोत्याला लाथ मारली. पोत्याला काही झालं नाही.

धुळ्यात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. रूपलने पुन्हा डाळ बंद केली, एवढीच पोचली. का, ते रतिलालजींनी आपल्या दुकानातच अडवलं. लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारावर बॅनर होता: पुनश्च त्याग. या वेळी फोटोत रूपलच्या डोक्यामागे प्रभावळही होती.

जेवणं दिवस असतानाच उरकली. रूपलसमोर ताट आलं, भात आणि दुधी. ती सगळ्यांच्या पंगतीत बसली, पण सगळ्यांसारखी नाही. बायका वाकून पाया पडत होत्या. सूर्य मावळला, भटारखान्यातली भांडी आवरली जाऊ लागली, आणि तेवढ्यात भाविकाची आई तिला दंडाला धरून रूपलकडे घेऊन आली. हातात डाळभाताची वाटी. पोर सकाळपासून काही खात नव्हती.

"तूच समजाव हिला. म्हणते, दीदीने सोडलं, मीही सोडलं."

रूपलने तिला जवळ ओढलं. दादी, मी, ललित, रतिलालजी, सगळे तिथेच होतो. "भाविका, ऐक. मी सोडलं नाही. मला रोग आहे. माझं औषध बंद झालं म्हणून मी खाऊ शकत नाही. कळलं?"

भाविकाने विचार केला. दारावरच्या बॅनरकडे पाहिलं, पाया पडायला थांबलेल्या बायकांकडे पाहिलं.

"मला पण तो रोग पाहिजे," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. रूपल हसली नाही. तिने वाटीतला घास कालवला आणि पोरीच्या तोंडाजवळ नेला. भाविकाने ओठ घट्ट मिटले.

"आधी तू."

रूपलने घास आपल्या तोंडाकडे वळवला. पुडी नव्हती. भाविका प्रत्येक घासाला आधी तू म्हणणार, हे तिला दिसत होतं, मलाही. मी पुढे सरकलो, पण माझ्याआधी दादीने तिचं मनगट पकडलं.

दादीने सूर्य मावळल्यावर कधी पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. लग्न होऊन जळगावला आल्यापासून नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या रात्री नर्सने चमचाभर पाणी पाजायला बघितलं, तर तिने तोंड फिरवलं होतं. बाहेर पूर्ण अंधार पडला होता, कार्यालयाचे दिवे लागले होते. दादीने रूपलच्या हातातला घास घेतला आणि आपल्या तोंडात टाकला. सगळ्यांसमोर. चावून गिळला.

"मोहनबाई!" दादाजी एवढंच म्हणू शकले.

रतिलालजींचा हात सवयीने वर गेला. "अनु..." म्हणाले आणि अडकले. नक्की कशाची अनुमोदना करायची हे त्यांना कळेना. हात तसाच हवेत राहिला.

दादी भाविकासमोर खाली बसली. तिचे गुडघे दुखतात, तरी बसली. "हिला रोग आहे, बेटा. ही लहान असताना मी लोकांना खोटं सांगितलं की हिने त्याग केला. रोग सांगायची मला लाज वाटली. ही तपस्विनी नाही, ही आजारी आहे. तू आजारी नाहीस." मागे उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जावं म्हणून तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

भाविका दादीच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. "दादी, तुम्ही रात्री खाल्लं?"

"खाल्लं."

"पाप लागेल."

"लागू दे," दादी म्हणाली आणि वाटीतला दुसरा घास उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "तोंड उघड."

भाविकाने तोंड उघडलं.